पाण्यातून गाडी नेण्यापूर्वी



पावसाळा सुरू झाला की आपल्या जीपची, पिक-अपची आणि ट्रॅक्टरची पाण्याशी गाठ पडतेच. वाडीत राहून पादरा, डभोई किंवा वाघोडियाकडची शेती पाहणाऱ्याला ही अडचण सांगायला नको. दूध वेळेवर पोचवायचे असते, खताची पोती न्यायची असतात, कधी घरात कोणी आजारी असते; आणि वाटेतल्या ओढ्याला, ज्याला इथे कांस म्हणतात, पाणी आलेले असते. "एवढेसे तर पाणी आहे," असे म्हणून गाडी घातली जाते. बहुतेक वेळा ती पार होते. पण जेव्हा होत नाही, तेव्हा इंजिनाचा खर्च हे त्यातले सर्वांत लहान नुकसान असते.

विश्वामित्री पावागडावरून येते आणि पुढे ढाढरला मिळते. ३१ जुलै २०१९ या दिवशी बडोद्यात चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री ३५ फुटांच्याही वर गेली. धोक्याची पातळी सुमारे २५ फूट मानली जाते. त्या पुरात मगरी रस्त्यांवर आणि घरांच्या अंगणांत आल्या. तेव्हा आपल्या भागात पाण्यातून गाडी नेणे ही हौसेची गोष्ट नाही. ती कशी न्यावी, आणि कधी मुळीच नेऊ नये, हे समजून घेतले पाहिजे.

साचलेले पाणी आणि वाहते पाणी

हे दोन धोके वेगळे आहेत. साचलेले पाणी इंजिन बिघडवते. वाहते पाणी गाडी उचलून नेते. गाडीची तयारी पहिल्या धोक्यावर उपाय आहे. दुसऱ्यावर तिचा काही उपयोग नाही.

थोडा हिशेब करून पाहू. जीपचा तळ चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरला तर तो सहा चौरस मीटर होतो. तळाच्या वर पाणी दहा सेंटिमीटर चढले की सहाशे लिटर पाणी बाजूला सारले जाते, म्हणजे पाणी आत शिरेपर्यंत गाडीचे वजन सहाशे किलोने कमी झाल्यासारखे होते. रिकामी जीप दीड टनाच्या आसपास असते. चाकांवरचा भार असा हलका झाला की त्यांची जमिनीवरची पकड जाते. त्यातच प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. म्हणूनच लहान मोटार फूटभर वाहत्या पाण्यात तरंगू लागते, आणि दोन फूट वाहते पाणी जीप व पिक-अपलाही ढकलून नेते.

काही नव्या जीपगाड्यांचे कारखाने पाण्याची मर्यादा आकड्यात देतात. २०२० साली आलेल्या महिंद्र थारसाठी ती ६५० मिलिमीटर आहे. हा आकडा शांत पाण्याचा समजावा, पुराचा नव्हे. ज्या गाडीसाठी असा आकडा दिलेला नाही, तिने चाकाच्या मध्याच्या वर पाणी असेल तर उतरू नये.

शिवाय पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की नाही, हे वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस. टी. बसगाड्यांसह इतर वाहने नदीत गेली. रात्रीच्या वेळी पाण्याखालच्या फरशीवर गाडी घालू नये, याला एवढे एक उदाहरण पुरे.

पावसाळ्यापूर्वी मेस्त्रीकडून करून घ्यावयाची कामे

१. हवेची वाट. इंजिन हवा कोठून घेते ते आधी पाहावे. पिस्टन वर आल्यावर डिझेल इंजिनाच्या एका सिलिंडरात साधारण तीस-चाळीस मिलिलिटर जागा उरते. म्हणजे दोन-तीन मोठे चमचे पाणी आत गेले तरी ती जागा भरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हवेची नळी टपापर्यंत वर नेता येते, पण खालपासून वरपर्यंतचा प्रत्येक सांधा हवाबंद हवा. एक पट्टी सैल राहिली तरी सगळा खर्च वाया जातो.

२. ॲक्सलच्या श्वासनळ्या. डिफरन्शियल आणि गियरबॉक्स यांना हवा आत-बाहेर जाण्यासाठी लहान तोंड असते. गरम तांब्या गार पाण्यात उपडा धरला तर तो पाणी आत ओढतो. चालून तापलेला ॲक्सल पाण्यात गेला की तसेच होते: आतली हवा आक्रसते आणि ऑइल सीलच्या फटीतून पाणी आत येते. या तोंडाला रबरी नळी लावून ती बोनेटखाली उंच बांधावी. पाण्यात शिरण्यापूर्वी गाडी थोडा वेळ उभी करून निवू द्यावी.

३. पंखा. जुन्या जीपचा व ट्रॅक्टरचा पंखा पट्ट्यावर फिरतो. त्याची पाती पाण्यात गेली की पुढे वाकून रेडिएटर फाडू शकतात. बोनेटच्या पुढे ताडपत्री बांधली तर पाण्याचा मारा कमी होतो. काही जण पंख्याचा पट्टा सैल करतात; पण त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरत असतो, म्हणून पैलतीरी पोचताच तो पुन्हा ताणावा.

४. वीज. बॅटरी घट्ट बसवलेली असावी आणि तिच्या टोकांना ग्रीस लावलेले असावे. पेट्रोल गाडीत ठिणगीच्या तारा कोरड्या राहतील अशी व्यवस्था करावी. नव्या डिझेल गाड्यांत संगणकाची पेटी व अनेक जोडण्या असतात. ती पेटी कोठे बसवली आहे ते मेस्त्रीला विचारून ठेवावे. हवेची नळी उंच केली म्हणून ती पेटी सुरक्षित होत नाही.

५. दोर. ओढण्याचा हूक सांगाड्याला पक्का असावा. दोर पाण्यात शिरण्यापूर्वीच हुकात अडकवून ठेवावा. गाडी बुडाल्यावर हूक शोधत बसावे लागते.

ट्रॅक्टर उंच असतो म्हणून त्याच्यावर फार भरवसा ठेवला जातो. पण मागची रिकामी ट्रॉली तरंगते, प्रवाहाबरोबर आडवी होते आणि ट्रॅक्टरलाही ओढते. भरलेल्या पाण्यातून माणसे बसवलेली ट्रॉली कदापि नेऊ नये.

पाण्यात शिरताना

साचलेल्या पाण्याची खोली कमरेला दोर बांधून, लांब काठीने चाचपून पाहावी. जिथे मगरीचा वावर आहे, म्हणजे विश्वामित्री, ढाढर आणि त्यांना मिळणारे ओढे, तिथे पाय घालू नये. पाणी वाहते असेल तर तर मुळीच नको. खोली कळत नसेल तर परत फिरावे.

बायकामुले व मजूर यांना अलीकडच्या तीरावरच उतरवावे. काचा खाली कराव्यात. चारही चाकांना जोर देणारा खालचा गियर काठावरच घालावा आणि माणसाच्या चालीने, न थांबता जावे. बंपरपुढे एक लहानशी लाट तयार होते. ती पुढेच राहील एवढाच वेग ठेवावा. मध्ये गियर बदलू नये, क्लच दाबू नये. वेगाने घुसणाऱ्याच्या बोनेटवरून पाणी येते आणि हवेच्या नळीत जाते.

इंजिन मध्येच बंद पडले तर पुन्हा सेल्फ मारू नये. पुष्कळदा इंजिन पाण्याने बंद पडते, पण मोडते ते या दुसऱ्या सेल्फने. नेहमीच्या विम्यात असे नुकसान बहुधा भरून मिळत नाही. पाणी वाढू लागले तर खिडकीतून बाहेर पडून टपावर जावे आणि मदत मागावी. गाडी वाचवत बसू नये.

पलीकडे गेल्यावर

ब्रेक हलके हलके दाबत थोडे अंतर जावे, म्हणजे ते सुकतात. ओले ब्रेक लागत नाहीत. इंजिन, गियरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचे तेल तपासावे. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी गेले आहे. गाडी न चालवता तेल बदलावे. चाकांच्या बेअरिंगना नवे ग्रीस भरावे. एअर क्लीनर उघडून पाहावा. ट्रॅक्टरच्या तेलाच्या वाटीत पाणी साठले असेल तर वाटी धुऊन नवे तेल घालावे.

गाडीबरोबर स्वतःकडेही पाहावे. पुराच्या पाण्यात उंदरांचे व जनावरांचे मूत्र मिसळलेले असते. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. दक्षिण गुजरातेत सुरत, नवसारी, वलसाडकडच्या भातशेतीत तो ओळखीचा आहे. पायावर जखम असेल तर पाण्यात उतरू नये. उतरावेच लागले तर नंतर साबणाने धुवावे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर अंगावर न काढता डॉक्टरकडे जावे आणि पाण्यात उतरलो होतो हे आवर्जून सांगावे. लवकर औषध मिळाले तर हा रोग बरा होतो.

दूध एक वेळ फुकट गेले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा निघते. पाऊस थांबला की ओढ्याचे पाणीही पुष्कळदा काही तासांत उतरते. एवढे थांबण्याची तयारी ठेवावी. त्याला मेस्त्री लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.