पुढचं कधी वाचतेस?

"बचत गटाचा हिशेब एवढा रोज रोज काय लिहितेस गं?" सासूबाईंनी एकदा विचारलं, तेव्हा मी नुसती हसले. रजिस्टरच्या पुढच्या पानांवर हिशेबच होता. मागच्या बाजूने मात्र, वही उलटी धरून, मी चक्क कादंबरी लिहीत होते! बी.ए.ला मराठी घेतलं आणि नंतर वीस-बावीस वर्षं पोळ्या लाटल्या, अशा बाईने कादंबरी लिहायची म्हणजे घरात हसूच होणार. म्हणून ही लपवाछपवी.

ह्यांची रांजणगावच्या एमआयडीसीत पहिली पाळी असली, की डबा देऊन साडेपाचला मी मोकळी. सासूबाईंच्या चहापर्यंतचा पाऊण तास माझा. रोज एक पान, समासात तारीख. गटात आम्ही बायकांना सांगतो ना, शंभर रुपये का होईना, पण दर महिन्याला भरा. एकदम मोठी रक्कम भरणारीचंच खातं पुढे थकतं. तोच नियम मी स्वतःला लावला. आणखी एक युक्ती सापडली. पान संपलं तरी वाक्य अर्धंच सोडायचं. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाकडे बघत बसावं लागत नाही. भाजी अर्धी चिरून ठेवली की सकाळी कसा हात आपोआप चालतो, तसंच.

भालचंद्र नेमाड्यांनी 'कोसला' पंधरा-सोळा दिवसांत लिहून काढली म्हणतात. १९६३ साली ती छापूनही आली. वाचून थक्क व्हायला होतं. पण मैत्रिणींनो, खरं सांगू? मला त्यातून उमेद नाही मिळत. सलग पंधरा दिवस कुठल्या बाईला मिळणार? मला आठवतात त्या फलटणच्या बेबीताई कांबळे. आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरच्या वीरगावात जन्मलेल्या. छोटंसं दुकान चालवायच्या, बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचायच्या आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या. नवऱ्याला, घरातल्यांना कळू नये म्हणून लिहिलेलं दडवून ठेवलं, तेही वीसेक वर्षं! पुढे मॅक्सीन बर्नसन या फलटणमध्ये राहणाऱ्या अभ्यासक बाईंना ते कळलं, 'स्त्री' मासिकातून ते लेखन आलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. ती कादंबरी नव्हे, आत्मकथन. पण लिहीत राहणं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. माझ्या रजिस्टरची मलाच लाज वाटेनाशी झाली.

तरीही आठव्या प्रकरणात माझी गाडी अडलीच. पाच महिने एक ओळ नाही. रोज वही उघडायची, तारीख टाकायची आणि मिटायची. सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं, मुलीची परीक्षा, गटाचं कर्जप्रकरण... कारणं होतीच हाताशी. खरं कारण वेगळं होतं.

माझं माहेर दौंडचं, रेल्वे क्वार्टर्समधलं. इंजिनातून पडलेला अर्धा जळका कोळसा वेचून चूल पेटवणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्यात. कादंबरी त्यांचीच. त्यातली रखमा एका रात्री नवऱ्याच्या माराला कंटाळून पोराला घेऊन स्टेशनवर जाते, मनमाडची गाडी येते आणि ती न बसताच घरी परतते. का परतते, हेच मला सुचेना. मी लिहिलं होतं, "संसाराच्या ओढीने". मलाच ते पटत नव्हतं.

दौंडला माझी आत्या असते. एक्क्याऐंशीची, काचबिंदूने दृष्टी गेलेली. महिन्यातून एकदा शिरूरहून न्हावरा-चौफुलामार्गे एसटीने मी तिच्याकडे जाते आणि लिहिलेलं वाचून दाखवते. घरात हे गुपित फक्त तिलाच ठाऊक. "पुढचं कधी वाचतेस?" हा तिचा निरोपाचा शब्द. पाच महिने मी जुनंच परत वाचून वेळ मारून नेली. शेवटी तिनेच पकडलं. "पोरी, हे मागंच झालं. ती बाई टेशनावरनं का आली, ते सांग."

मी ती "संसाराची ओढ" वाचली. आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "खोटं लिहिलंस. तिच्याकडं तिकिटाला पैसे होते. पण उतरून जायचं कुठं? माहेरी भावाच्या घरात एकच खोली होती आणि भावजय बाळंतीण."

ती भावजय म्हणजे माझी आई. बाळ म्हणजे माझा थोरला भाऊ.

साठ वर्षं ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. माझ्या हातातली वही तशीच राहिली. "आत्या, हे नाही लिहीत मी. दादा वाचतील, वहिनी वाचतील..." दादा म्हणजे तिचा मुलगा, त्या रात्री कडेवर असलेला. ती म्हणाली, "नाव बदललंयस ना? मग लिही. गाडी मनमाडचीच ठेव."

दादांना विचारायला हवं, असं मला अजूनही वाटतं. आत्या नको म्हणते. तो वाद आमच्यात मिटलेला नाही. पण दुसऱ्याच दिवसापासून पहाटेचं पान सुरू झालं. परवा सासूबाईंना उलटी वही सापडली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि काही न बोलता त्या दिवशीचा चहा स्वतःच केला.

अकरावं प्रकरण अर्ध्या वाक्यावर थांबलंय. येत्या शनिवारी दौंडला जायचंय, त्याआधी ते पुरं करायला हवं.