संकेतस्थळाच्या कारागिराची पारख

माल पिकविणें आणि माल खपविणें हीं दोन कामें निराळीं आहेत, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. रत्नागिरीकडील हापूस, सांगलीकडील बेदाणा किंवा कोल्हापुरी गूळ अडत्याच्या हातीं न देतां थेट गिऱ्हाइकास पोंचविणारे बागाइतदार आतां पुष्कळ झाले आहेत. अशा व्यवहारास स्वतःची वेबसाइट, म्हणजे संकेतस्थळ, असणें सोयीचें होतें. परंतु तें बांधणारा कारागीर, ज्यास वेब डेव्हलपर म्हणतात, तो कसा निवडावा याविषयीं पुष्कळांच्या मनांत गोंधळ असतो. जी विद्या आपणांस येत नाहीं तींतील माणसाची परीक्षा करणें कठीण, हें खरें. आमचें मत असें कीं, कारागिराची विद्या तपासतां आली नाहीं तरी त्याचा व्यवहार खचित तपासतां येतो. आणि त्यांत मुख्य प्रश्न एकच आहे. काम संपल्यावर मालकी कोणाच्या नांवें राहणार?

संकेतस्थळाचे तीन भाग असतात. पहिला भाग त्याचें नांव, ज्यास डोमेन म्हणतात. दुसरा, ज्या संगणकावर तें ठेविलेलें असतें ती भाड्याची जागा, म्हणजे होस्टिंग. तिसरा, प्रत्यक्ष बांधकाम, म्हणजे आज्ञावली, मजकूर व छायाचित्रें. बांधकाम मोडलें तर पुन्हां करतां येतें. भाड्याची जागा बदलतां येते. परंतु नांव गेलें कीं गिऱ्हाइकाची वाटच मोडते. नांवाची नोंद म्हणजे या व्यवहारांतील सातबारा समजावा.

‘डॉट इन’ या अक्षरांनीं शेवट होणाऱ्या नांवांची नोंदवही २००५ पासून नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया ही संस्था सांभाळते. नोंद मात्र मान्यताप्राप्त विक्रेत्यांमार्फत होते. नांव कायमचें विकत मिळत नाहीं. तें एक ते दहा वर्षांच्या मुदतीनें घेऊन मुदतीपूर्वीं नूतन करावें लागतें. पुष्कळ कारागीर सोयीसाठीं हें नांव आपल्याच खात्यांतून घेतात. त्यांत दर वेळीं लबाडी असतेच असें नाहीं. परंतु कारागीर गांव सोडून गेला, आजारी पडला किंवा पैशांवरून वितुष्ट आलें, तर मालकाचे हात बांधले जातात. ऐन आंब्याच्या हंगामांत पेट्यांवर छापलेलें नांव बंद पडतें, आणि नूतनीकरणाची सवड उलटल्यावर तें दुसरा कोणीहि घेऊं शकतो. यास्तव नांवाचें व होस्टिंगचें खातें स्वतःच्या नांवें, स्वतःच्या मोबाइलवर व ई-मेलवर उघडावें, पैसे स्वतः भरावे, आणि कारागिरास कामापुरताच निराळा प्रवेश द्यावा. गिऱ्हाइकाचे पैसेहि आपल्याच बँक-खात्यांत जमा झाले पाहिजेत.

आज्ञावलीच्या मालकीविषयीं कायदा काय म्हणतो, हें थोड्यांस ठाऊक असतें. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत संगणकाची आज्ञावली वाङ्मयकृतींत मोडते. पगारी नोकरानें नोकरीच्या कामांत लिहिलेली आज्ञावली, निराळा करार नसेल तर, मालकाची होते. परंतु ठरीव रकमेवर बाहेरच्या कारागिराकडून लिहवून घेतलेल्या आज्ञावलीचा पहिला हक्क सामान्यतः त्या कारागिराचाच राहतो. केवळ पैसे चुकते केल्यानें तो आपणांकडे येत नाहीं. कलम १९ प्रमाणें हक्काचें हस्तांतर लेखी व सहीनिशीं व्हावें लागतें. लेखांत मुदत घातलेली नसेल तर तें पांच वर्षांपुरतें, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतें धरलें जातें. दुबईस किंवा लंडनास आंबा धाडणाऱ्यानें ह्या दोन ओळी करारांत अवश्य घालाव्या. कारागीर तयार आज्ञावली वापरणार असेल, तर कोणता भाग तयार व कोणता नवा, हेंहि लिहून घ्यावें.

आतां माणसाच्या पारखीविषयीं. नवें, चकचकीत काम पाहून भुलूं नये. त्यानें दोन-तीन वर्षांपूर्वीं बांधलेलीं संकेतस्थळें मागावीं आणि तीं आपल्या शेतावर, आपल्याच मोबाइलवर उघडून पाहावीं. मग त्यांच्या मालकांस दूरध्वनि करून विचारावें कीं, काम बंद पडलें तेव्हां हा मनुष्य किती वेळांत उत्तर देत असे? गूगलवर पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी जो देतो त्यापासून दूर राहावें. अशी हमी कोणासहि देतां येत नाहीं, असें खुद्द गूगलचेंच सांगणें आहे. अंदाजपत्रकांत एकदांच होणारा खर्च व दरसाल येणारा खर्च निरनिराळे लिहून मागावे. बांधण्याचा दर स्वल्प सांगून वार्षिक दुरुस्तीच्या नांवाखालीं वसूल करणारेहि असतात.

पैसे हप्त्यांनीं द्यावे. कामाचा आराखडा पसंत झाल्यावर कांहीं, आणि चालतें काम डोळ्यांनीं पाहिल्यावर कांहीं. अखेरचा हप्ता सर्व परवलीचे शब्द हातीं येईपर्यंत राखून ठेवावा. त्यापूर्वीं संपूर्ण कामाची एक प्रत आपल्या ताब्यांत घ्यावी, आणि ती दुसऱ्या ठिकाणीं उघडून चालते कीं नाहीं हें कारागिराकडून करवून दाखवावें. न तपासलेली प्रत म्हणजे न उगवलेलें बीं. पेरल्याशिवाय तिचा भरंवसा नाहीं. शब्द हातीं आल्यावर ते बदलून टाकावे.

इतकें लिहून मागितल्यास कारागिरास राग येईल, अशी भीड कित्येकांस वाटते. परंतु भीड ही भिकेची बहीण आहे. प्रामाणिक कारागिरास अशा लेखाची अडचण वाटत नाहीं. उलट, कोणतें काम आपलें व कोणतें नाहीं हें ठरल्यामुळें त्याचेंहि रक्षणच होतें. जो नांव आपल्या खात्यांत ठेवण्याचा हट्ट धरतो, त्यास गोड शब्दांत निरोप द्यावा. ज्यांचें संकेतस्थळ आधींच तयार आहे त्यांनीं हंगाम सुरू होण्यापूर्वीं, नांवाची नोंद कोणाच्या खात्यांत आहे व तिची मुदत कधीं संपते, एवढ्या दोन गोष्टी पाहून ठेवाव्या, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.