पुस्तकांचे वय



ईदच्या आधी तुम्ही अब्बांबरोबर बाजारात चपला घ्यायला जाता. दुकानात मांडलेल्या सगळ्याच चपला सुंदर दिसतात. पण आपण त्या नुसत्या पाहून घेत नाही. पायात घालतो, चार पावले चालून पाहतो. लहान झाली तर बोटे दुखतात, मोठी झाली तर चालताना निसटते. पुस्तकांचेही असेच आहे. पुस्तक कितीही चांगले असले, तरी ते आपल्या वयाला आणि समजुतीला बसणारे असावे लागते. न बसणारे पुस्तक हाती आले की मूल ते मिटून ठेवते. तेवढ्यानेच थांबले तर बरे. पण 'मला वाचायला आवडत नाही' असे ते मनाशी ठरवून टाकते आणि पुढे कित्येक वर्षे पुस्तकाकडे वळत नाही. एका चुकीच्या पुस्तकाने होणारे हे नुकसान लहान नाही.

म्हणूनच कोणत्या वयाला कोणते पुस्तक द्यावे, हे आज आपण पाहू. तुमच्या घरात धाकटी भावंडे आहेत. त्यांना पुस्तक निवडून देणारे मोठे माणूस बहुधा तुम्हीच असता. तेव्हा हा पाठ तुमच्यासाठी आहे आणि त्यांच्यासाठीही आहे.

तीन ते सहा वर्षे

या वयातील मुले स्वतः वाचत नाहीत. ती चित्रे पाहतात आणि ऐकतात. म्हणून त्यांच्या पुस्तकात चित्रे मोठी व स्पष्ट असावीत, एका पानावर एकदोन वाक्येच असावीत. माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा छोट्या पुस्तकांचा संच याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात राजाराणी नाहीत, राक्षस नाहीत. आहेत ती एका लहान मुलीच्या घरातली आई, बाबा, आजी, आजोबा अशी नेहमीची माणसे. आपल्याच घरासारखे घर पुस्तकात पाहून लहान मूल आनंदते. चित्रेही माधुरीताईंनीच काढली आहेत.

घरी मराठी बोलली जात नसली, तरी अडचण नाही. वाक्य मराठीत वाचावे आणि चित्राबद्दलच्या गप्पा उर्दूत कराव्यात. मूल दोन्ही शिकते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते, मराठी पुस्तक डावीकडून. तुमचा छोटा भाऊ मराठी पुस्तक शेवटच्या पानापासून पाहू लागला, तर त्याच्यावर रागावू नका. पहिले पान कोणते, हे त्याला हाताने दाखवा.

सहा ते आठ वर्षे

मूल आता अक्षर ओळखू लागलेले असते. एकेक शब्द जुळवत वाचताना ते दमते. अशा वेळी कवितेचा मोठा उपयोग होतो, कारण तालामुळे पुढचा शब्द आपोआप जिभेवर येतो. विंदा करंदीकर हे मराठीतील थोर कवी. त्यांना २००३ या वर्षीचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मोठ्यांसाठी गंभीर कविता लिहिणाऱ्या या कवीने मुलांसाठीही भरपूर लिहिले. 'राणीची बाग', 'सशाचे कान', 'एटू लोकांचा देश' ही त्यांच्या बालकवितासंग्रहांची नावे ऐकूनच गंमत वाटते. त्यांच्या कवितांत प्राणी माणसांसारखे वागतात आणि जगाचे नियम उलटेपालटे होतात. उर्दूत इस्माईल मेरठी यांच्या कविता तुम्ही पाठ केल्या असतील. तशाच या कविताही मोठ्याने म्हणून पाहा.

याच वयासाठी नॅशनल बुक ट्रस्टची 'नेहरू बाल पुस्तकालय' ही माला उपयोगी आहे. ही पुस्तके पातळ असतात, चित्रे चांगली असतात आणि किंमतही खिशाला परवडणारी असते. त्यातली कितीतरी पुस्तके भारतातील अनेक भाषांत निघतात. एकच पुस्तक उर्दूत आणि मराठीत मिळाले, तर दोन्ही घ्या आणि शेजारी ठेवून वाचा. शब्दकोशापेक्षाही हा मार्ग सोपा आहे.

आठ ते अकरा वर्षे

आता मुलांना गोष्टीत काहीतरी घडायला हवे असते. 'पुढे काय झाले?' हा त्यांचा प्रश्न असतो. ना. धों. ताम्हनकर यांचा 'गोट्या' त्यांना आवडतो. गोट्या चुणचुणीत आणि खोडकर आहे, पण तो मनाने फार चांगला आहे. भा. रा. भागवत यांचा 'फास्टर फेणे' तर यापेक्षाही धावरा. त्याचे खरे नाव बनेश फेणे. गाव फुरसुंगी. अंगाने किडकिडीत असलेला हा मुलगा सायकलवरून सुसाट सुटतो, चोरांच्या मागे लागतो, संकटात सापडतो आणि डोके चालवून सुटतो. २०१७ साली त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला.

या वयात मासिकही सुरू करावे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ सालापासून निघत आहे. त्यात गोष्टी, कविता, विज्ञान, कोडी असे सगळे असते. एक लेख जड वाटला तर दुसरा वाचता येतो, हा मासिकाचा मोठा फायदा.

अकरा ते तेरा वर्षे

या वयात मुलांना न्याय-अन्याय कळू लागतो. 'माझ्यावरच का रागावतात?' असे त्यांना वाटते. अशा मुलांच्या हाती 'तोत्तोचान' द्यावे. हे मूळ जपानी पुस्तक तेत्सुको कुरोयानागी यांनी स्वतःच्या बालपणावर लिहिले. ते १९८१ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाले. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणले आहे. छोट्या तोत्तोचानला पहिल्या शाळेतून काढून टाकतात, कारण ती वर्गात एका जागी बसत नाही. आई तिला दुसऱ्या शाळेत नेते. या शाळेचे वर्ग म्हणजे आगगाडीचे जुने डबे! तेथील मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी तिच्यासमोर बसतात आणि चार तास तिचे बोलणे ऐकून घेतात. पुढे युद्ध होते. १९४५ साली बॉम्बहल्ल्यात ही शाळा जळून जाते. शेवट वाचताना डोळे भरून येतात.

दुसरे पुस्तक 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात बेचाळीस रात्री आहेत. प्रत्येक रात्री श्याम आईची एक आठवण सांगतो. घर गरिबीचे आहे, पण आई स्वाभिमानी आहे. लाड करणारी आई पाण्याला घाबरणाऱ्या श्यामला पोहायला शिकण्यासाठी मार देऊन पाठवते, हा प्रसंग वाचा म्हणजे ती कशी होती हे कळेल. तुम्ही प्रेमचंदांची 'ईदगाह' ही कथा वाचली असेल. स्वतःसाठी खेळणे न घेता दादीसाठी चिमटा घेणारा हमीद आणि हा श्याम एकमेकांना भेटले असते, तर त्यांची नक्कीच मैत्री झाली असती. याच साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवरही आदराने पुस्तक लिहिले आहे.

तेरा वर्षांच्या पुढे

आता तुमचे स्वतःचे वय आले! या वयात 'मी पुढे कोण होणार?' हा विचार मनात येतो. म्हणून चरित्रे वाचावीत. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे 'अग्निपंख' हे आत्मचरित्र माधुरी शानभाग यांनी मराठीत आणले आहे. कलाम यांचा जन्म १९३१ साली रामेश्वरम येथे झाला. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा ते जवळजवळ आठ वर्षांचे होते. चिंचोक्यांना अचानक मागणी आली. लहानगा कलाम चिंचोके गोळा करून विकू लागला. पुढे धावत्या गाडीतून फेकले जाणारे वर्तमानपत्रांचे गठ्ठे उचलण्याच्या कामातही तो मदत करू लागला. हा मुलगा पुढे अग्निबाण तयार करणारा शास्त्रज्ञ आणि २००२ ते २००७ या काळात भारताचा राष्ट्रपती झाला.

वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हेही असेच पुस्तक. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेले मूल. शिक्षणासाठी त्यांनी मिळेल ते काम केले आणि शेतीशास्त्रज्ञ झाले. वर्षानुवर्षे कापूस घेऊन कस गेलेल्या जमिनीत भुईमूग लावा, असे ते गरीब शेतकऱ्यांना सांगत असत.

विज्ञानाची आवड असेल तर जयंत नारळीकर यांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह वाचा. आकाशातील ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाने त्या कथा लिहिल्या आहेत. घर आणि नाती यांची गोष्ट हवी असेल, तर शांता शेळके यांनी इंग्रजीतून मराठीत आणलेली 'चौघीजणी' ही कादंबरी घ्या. वडील युद्धावर गेलेले असताना चार बहिणी घर कसे सांभाळतात, ते तीत आहे. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' मात्र दहावीच्या सुमारास वाचा. धनगरांच्या लहानशा वाडीत एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो आणि त्या गावाचाच होऊन जातो. तिच्यातील बोली सुरुवातीला अवघड वाटेल. पण नेट धरून वीस पाने वाचली की कानाला सवय होते.

तुमच्या मराठीचे वय

आता थोडी मनातली गोष्ट बोलू. ग्रंथालयाच्या तासाला तुमच्यापैकी एखादा जाडजूड मराठी पुस्तक उचलतो, कारण पातळ पुस्तक घेतले तर मित्र हसतील अशी त्याला भीती वाटते. दुसऱ्या दिवशी तो ते तसेच परत करतो आणि म्हणतो, 'मराठी फार कठीण आहे.' खरे तर मराठी कठीण नसते. पुस्तक चुकलेले असते.

तुमचे वय चौदा असेल. पण तुमच्या मराठीचे वय चौदा नाही. तुम्ही मराठी शाळेत शिकू लागलात, तेव्हा तिचा जन्म झाला. ती अजून लहान आहे. तिला आठ-दहा वर्षांच्या मुलांचे पुस्तक द्या. त्यात लाज कसली? उर्दूत तुम्ही मोठी कादंबरी वाचता आणि मराठीत 'फास्टर फेणे' वाचता, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. वर्षभरात तुमची मराठी भराभर वाढेल आणि तुम्हाला गाठेल.

पुस्तक बसते की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. मधले कोणतेही पान उघडा. ते वाचताना न कळणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. पान संपण्याआधीच पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी ठेवा. दोनतीन बोटे मिटली, तर खुशाल घरी न्या.

शिवाय तुम्हाला एक सवलत आहे, जी इतरांना नाही. कागद, शाई, हवा, जमीन, बाजार, मेहनत, फायदा, हजर हे शब्द मराठी पुस्तकात भेटतील, तेव्हा ते तुमच्या ओळखीचेच असतील. काही शब्द मात्र फसवतात. उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कचेरी. मराठीत तेच 'दप्तर' होऊन तुमच्या पाठीवर बसते! उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'तालीम' म्हणजे कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे हार; मराठीत 'शिकस्त करणे' म्हणजे जिंकण्यासाठी जिवापाड प्रयत्न करणे. असे शब्द सापडले की वहीत लिहून ठेवा.

शेवटी एवढेच सांगायचे की, वर दिलेली वये म्हणजे कुंपण नव्हे. एखादी सात वर्षांची मुलगी 'गोट्या' वाचू शकते आणि एखाद्या दादीला 'राधाचं घर' आवडू शकते. पुस्तक आवडले नाही तर ते अर्धवट सोडायलाही हरकत नाही. फक्त त्याच्या जागी दुसरे उचला.

डॉ. कलाम यांचा जन्मदिवस १५ ऑक्टोबर. हा दिवस महाराष्ट्रात 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. पण त्या दिवसाची वाट पाहू नका. येत्या ग्रंथालयाच्या तासाला दोन पुस्तके निवडा : एक तुमच्या मराठीच्या वयाचे आणि एक धाकट्या भावंडाच्या वयाचे. संध्याकाळी ते दुसरे पुस्तक त्याला मांडीवर घेऊन वाचून दाखवा. एखादा शब्द चुकला तरी थांबू नका. ऐकणाऱ्याला त्या चुकीशी काही देणेघेणे नसते. 'पुढे काय झाले?' एवढेच तो विचारेल.