लहान महाविद्यालयांचे क्रीडा-श्रेणीसंक्रमण : एक आव्हान
अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणारी ‘एनसीएए’ ही संघटना सदस्य संस्थांची तीन श्रेणींत विभागणी करते. द्वितीय श्रेणीतून प्रथम श्रेणीत जाणाऱ्या लहान महाविद्यालयावर शिष्यवृत्त्या, प्रशिक्षक व प्रवास यांचा वाढीव आर्थिक भार पडतो. शिवाय संक्रमणकाळात राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत प्रवेश मिळत नाही. मॅसॅच्युसेट्समधील मेरिमॅक महाविद्यालयाने २०१९ मध्ये हे संक्रमण आरंभिले. २०२३ मध्ये त्याच्या पुरुष बास्केटबॉल संघाने नॉर्थईस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात फेअरली डिकिन्सन विद्यापीठाचा पराभव केला. तथापि राष्ट्रीय स्पर्धेत पराभूत संघच गेला. हा चार वर्षांचा काळ २०२५ मध्ये, अटींच्या अधीन राहून, तीन वर्षांवर आणण्यात आला. पदवीचा काळ मात्र साधारणतः चारच वर्षांचा असतो. श्रेणीवाढीचा निर्णय संस्था घेते. त्याचे मोल विद्यार्थी-खेळाडूंना मोजावे लागते, हे नियोजनकर्त्यांनी ध्यानात घेणे आवश्यक ठरते.