कोअर आठ, राबतो एकच

मे २००४मध्ये इंटेलने ‘तेजास’ हा येऊ घातलेला प्रोसेसर रद्द केला. वीज आणि उष्णता आवरेनाशी झाली होती. तोवर दर नव्या चिपबरोबर घड्याळाचा वेग वाढायचा आणि जुना प्रोग्राम हात न लावता जोरात पळायचा. ती चैन संपली. कंपन्या एका चिपवर दोन, चार, आठ कोअर बसवू लागल्या. पण एका थ्रेडसाठी, म्हणजे सूचनांच्या एकाच साखळीसाठी, लिहिलेला प्रोग्राम उरलेल्या सात कोअरकडे ढुंकूनही पाहत नाही. काम वाटायचं तर प्रोग्रामरनेच थ्रेड काढायचे, लॉक लावायचे, सोडायचे. दोन थ्रेडनी एकच आकडा एकदम वाचून त्यात एकेक मिळवला, तर तो दोनाऐवजी एकानेच वाढू शकतो, आणि ही चूक शंभर चाचण्यांतही सापडेल याची खात्री नाही.

काम कोअरांत वाटून देणाऱ्या तयार लायब्रऱ्यांचा मोठा उपयोग मला इथे दिसतो: थ्रेड किती, हा प्रश्न त्या प्रोग्रामरच्या डोक्यावरून उतरवतात आणि कामाचे तुकडे कसे पडतात, एवढाच ठेवतात. इंटेलच्या टीबीबी या लायब्ररीत (२००६) प्रत्येक थ्रेडची स्वतःची रांग असते. ज्याची रांग संपते तो दुसऱ्याच्या रांगेच्या पलीकडच्या टोकाचा तुकडा उचलतो. एमआयटीच्या सिल्क प्रकल्पातून पुढे आलेली ही युक्ती. हाताने लिहिलेले थ्रेड याहून वेगवान असतात, असा आक्षेप येतो. कधी कधी असतातही, पण त्या एका यंत्रावर. चार कोअरसाठी बांधलेली वाटणी चौसष्ट कोअरवरही चारच राहते. मग हे सगळं कंपायलरनेच का करू नये? फोरट्रानच्या लूपवर ते अनेक वर्षं करून पाहिलं गेलं. पण पॉइंटर सर्रास वापरणाऱ्या भाषांत दोन पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत ना, हे कंपायलरला बऱ्याचदा ठरवता येत नाही.

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे: सोपेपणा फसवतो. लूप थ्रेडांत वाटून देणाऱ्या ओपनएमपीची एक ओळ चुकीच्या लूपवर ठेवली, तर प्रोग्राम निमूट चालतो आणि बेरीज चुकते. रस्ट भाषेतली रेयॉन ही लायब्ररी इथे एक पाऊल पुढे आहे, कारण असा सामायिक डेटा बिनपहाऱ्याचा बदलू पाहणारा कोड तिथे सहसा कंपाइलच होत नाही. तरीही किती काम मुळात वाटता येतं, हे रेयॉनही सांगत नाही. जीन अ‍ॅमडाल यांच्या १९६७च्या मांडणीनुसार दहा टक्के काम एकामागून एकच करावं लागत असेल, तर आठ कोअरवर वेग पावणेपाच पटीच्याही आतच राहतो, आणि कोअर कितीही वाढवले तरी दहा पट गाठत नाही. ते दहा टक्के कमी करायला अल्गोरिदमच बदलावा लागतो.