हात वर केला की थांबणारा डॉक्टर

सावद्याहून मुलाच्या दातांसाठी भुसावळ, जळगाव किंवा थेट धुळं गाठायचं म्हणजे कामाचा एक दिवस मोडतो. केळीची कापणी चालू असली तर तो दिवसही हाती लागत नाही. म्हणून ‘जवळ दाताचा डॉक्टर असताना एवढ्या लांब कशाला?’ हा प्रश्न रास्तच आहे. माझं म्हणणं असं, की लहान मूल हाताळणं ज्याला खरोखर जमतं त्या डॉक्टरसाठी हा प्रवास जरूर करावा, मात्र दाढ ठणकायच्या आधी. ठणका लागल्यावर नेलेलं पोर रात्रभर जागलेलं असतं, प्रवासानं चिडलेलं असतं आणि पहिल्याच भेटीत त्याला सुई घ्यावी लागते. मग दवाखान्यातला तो लवंग तेलाचा वास त्याच्या डोक्यात दुखण्याशी जोडला जातो आणि पुढच्या खेपेला मूल दारातूनच माघारी फिरतं.

मृदू डॉक्टर म्हणजे गोड बोलणारा डॉक्टर, अशी आपली समजूत असते. भिंतीवरचे हत्ती-वाघ आणि छतावरचा टीव्ही पाहूनही आपण हुरळतो. पण मृदूपणा हे शिकून आलेलं कौशल्य आहे. बीडीएसनंतर तीन वर्षं लहान मुलांच्याच दातांचं एमडीएस करणारे डॉक्टर ते शिकतात. आधी सांगा, मग दाखवा, मग करा, ही त्यातली मूळ पद्धत १९५९ मध्ये अ‍ॅडलस्टन यांनी मांडली. जाणता डॉक्टर गुळगुळीत पॉलिश करणारा ब्रश आधी मुलाच्या नखावर फिरवून दाखवतो, हवेचा झोत तळहातावर सोडतो आणि मगच दाताकडे वळतो. सुई द्यायची असेल तर हिरडीवर आधी बधिर करणारं जेल लावून थोडं थांबतो आणि औषध अगदी सावकाश सोडतो. सगळ्यात मोलाची मला वाटते ती एक साधी खूण. ‘दुखलं तर डावा हात वर कर’ असं बरेच डॉक्टर सांगतात. हात वर झाल्यावर यंत्र खरंच थांबतं का, ते पाहावं. एकदा थांबलं की मुलाला कळतं, इथं आपलं ऐकलं जातं. न थांबता ‘झालंच, झालंच’ म्हणत काम रेटणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. आईबापांनीही ‘काही दुखणार नाही’ असं खोटं सांगू नये आणि ‘गप्प बस, नाहीतर सुई टोचतील’ असा धाकही घालू नये. दोन वर्षांचं मूल तपासताना रडतंच, त्यात डॉक्टरचा दोष नसतो.

‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ हा नेहमीचा आक्षेप. दुधाचे दात २० असतात, पण २० एकदम पडत नाहीत. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या अकाली काढल्या तर शेजारचे दात सरकतात आणि कायमच्या दातांची जागा जाते. शिवाय सहाव्या वर्षी मागे जी दाढ येते ती कायमची असते. तिच्यासाठी आधी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच समजून किडू दिली जाते. दुसरा आक्षेप फेऱ्यांचा. तो खरा आहे, म्हणूनच निघण्याआधी फोन करून विचारावं, की काही किडलेल्या दुधाच्या दाढांवर सुई न देता, न कोरता स्टीलची टोपी बसवता का? स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल यांच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते. कीड थोपवणारं चांदीचं औषध लावता का? त्यानं किडलेला भाग काळा पडतो, आणि हे जो आधी सांगतो तो विश्वासाचा. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे. लहान मुलांचे दात हा बीडीएसचाही विषय असल्यानं तिथं त्यासाठीची ओपीडी विचारून जाता येतं. खर्चाचा प्रश्न असेल तर शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दात दाखवा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत दातांचे आजारही आहेत.

लांबच्या डॉक्टरकडे दर आठवड्याला जायचं नसतं. पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या आत व्हावी, असं बालदंततज्ज्ञ सांगतात. त्या भेटीत बहुधा दात पाहणं, रात्री बाटली तोंडात ठेवून झोपवू नका हे समजावणं आणि ब्रश कसा धरायचा ते दाखवणं एवढंच होतं. एकदा मुलाची भीती गेली की पुढची साधी कामं जवळच्या डॉक्टरकडेही होतात. मात्र गालावर सूज आणि अंगात ताप असेल तर चांगल्या डॉक्टरच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी, जो जवळ असेल त्या डॉक्टरकडे मुलाला न्या.