स्वर्गाचें राज्य म्हणजे काय?



एकोणिसाव्या शतकांत आमच्या जालन्याजवळ बेथेल नांवाचें एक खेडें वसविलें गेलें. मराठवाड्यांतील गांवांचीं नांवें बहुधा एखाद्या देवावरून, झाडावरून किंवा ओढ्यावरून पडलेलीं. त्यांत हें हिब्रू नांव कानाला अगदीं परकें लागतें. मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले आणि १८४३ सालीं ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री हे त्याचे संस्थापक. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, न्यायालयानें वडिलांच्या स्वाधीन केलें. पुढें त्याला जातींत परत घ्यावें कीं नाहीं यावरून मुंबईंत केवढा गहजब झाला आणि बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूनें कसे उभे राहिले, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं वाचलें असेल. तें प्रकरण आजचा विषय नव्हे. शेषाद्री पुढें जालन्यास आले. त्यांच्या उपदेशानें ख्रिस्ती झालेल्यांत मातंग समाजाचे लोक पुष्कळ होते. गांवकुसाबाहेर राहणारीं हीं माणसें. स्वतःची म्हणावी अशी जमीन बहुतेकांपाशीं नाहीं. शेषाद्रींनीं निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळविली आणि तेथें या कुटुंबांसाठीं वसाहत केली. तिचें नांव बेथेल.

मी ख्रिस्ती नाहीं. परंतु माझे एक सहशिक्षक ख्रिस्ती होते आणि निवृत्तीनंतर दोन वर्षें आम्हीं रोज सायंकाळीं त्यांच्या ओट्यावर बसून मराठी बायबल व ज्ञानेश्वरी अशीं दोन पुस्तकें आळीपाळीनें वाचलीं. स्वर्ग या शब्दाचा अर्थ आपण समजतों तसा नाहीं, हें तेथें प्रथम माझ्या ध्यानीं आलें. आणि त्याची सुरुवात या बेथेल नांवापासूनच झाली.

उत्पत्तीच्या पुस्तकांत याकोबाची गोष्ट आहे. थोरल्या भावाला फसवून तो घरांतून पळाला. वाटेंत रात्र पडली, तेव्हां उशाला धोंडा घेऊन तो उघड्यावर निजला. स्वप्नांत त्यास एक शिडी दिसली. तिचा पाया भूमीवर आणि माथा आकाशाला टेकलेला. देवदूत तिच्यावरून चढत-उतरत होते. आतां आपल्याला वाटतें कीं याकोब शिडी चढून जाईल. तो चढत नाहीं! जागा झाल्यावर तो भितो. कारण देव येथेंच, ह्याच माळावर होता आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, असें त्यास उमगतें. त्या जागेलाच तो स्वर्गाचें द्वार म्हणतो, उशाच्या धोंड्यावर तेल ओततो आणि तिचें नांव बेथेल, म्हणजे देवाचें घर, असें ठेवतो. ज्यांच्या शिवेवर तेल-शेंदराचा धोंडा उभा असतो, त्या आपल्या लोकांना ही गोष्ट फार फोडून सांगावी लागत नाहीं. पुंडलिकाच्या विटेसाठीं वैकुंठ सोडून आलेला देव आपण ओळखतोंच.

आतां शब्दाकडे वळूं. हिब्रू भाषेंत ‘शामायिम’ आणि ग्रीक भाषेंत ‘उरानोस’ हा एकच शब्द डोक्यावरील आभाळालाही लावतात आणि देवाच्या निवासालाही. मराठींत मात्र आकाश निराळें, स्वर्ग निराळा. म्हणून भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणीं निवड करावी लागते. सृष्टीच्या आरंभाच्या वर्णनांत तो आकाश लिहितो आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांत स्वर्ग. विल्यम केरी यांनीं श्रीरामपुराहून १८०५ सालीं मत्तयाचें शुभवर्तमान व १८११ सालीं संपूर्ण नवा करार मराठींत छापला. तेव्हांपासून ही अडचण प्रत्येक भाषांतरकारापुढें आहे. त्यांच्याही आधीं, १६१६ सालीं, गोव्यांत फादर स्टीफन्स यांनीं ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केलें. त्या इंग्रज पाद्र्यानें आपल्या ओव्यांत स्वर्गासाठीं सरळ वैकुंठ हाच शब्द घेतला. मला त्याच्या धाडसाचें कौतुक वाटतें. आणि तो चुकला असेंही मी म्हणणार नाहीं.

कारण ‘स्वर्ग’ हा शब्द तरी कोठें निर्धोक आहे? स्वर्ग म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें इंद्राची अमरावती येते. कल्पवृक्ष, अप्सरा, नंदनवन. शिवाय तो कायमचा नव्हे. पुण्याची शिदोरी आहे तोंवर तेथें राहावें आणि ती सरली कीं पुनश्च मर्त्यलोकीं यावें, हें गीतेच्या नवव्या अध्यायांत स्पष्टच सांगितलें आहे. ज्ञानेश्वर तर त्यावर टीका करतांना आणखी पुढें जातात: ज्या पुण्यानें माणूस स्वर्गाला जातो तें पुण्यही त्यांच्या मतें एक प्रकारचें पापच, कारण तें देवापर्यंत पोंचवीत नाहीं. ख्रिस्ती मनुष्य ‘स्वर्ग’ म्हणतो तेव्हां त्याच्या हिंदु शेजाऱ्याला हें सारें ऐकूं येतें. तो मनांत म्हणतो, ‘एवढी खटपट करून यांना इंद्रलोकच हवा ना?’ वैकुंठ निदान अक्षय तरी आहे.

पण दोन्ही शब्दांत एक गोष्ट समान आहे. दोन्ही ठिकाणीं मेल्यावर जावयाचें असतें. आपण मृत्यूच्या बातमींत स्वर्गवासी, कैलासवासी, वैकुंठवासी असें छापतों. त्यामुळें येशू ‘स्वर्गाचें राज्य’ म्हणतो तेव्हांही, मेल्यावर जावयाचा हा एखादा प्रांत असावा, असें आपण धरून चालतों. आणि गंमत अशी, कीं युरोपांतही कित्येक शतकें लोक तेंच धरून चालले. शरीर हा आत्म्याचा तुरुंग, ही प्लेटोची शिकवण तिकडे खोल रुजली होती. चित्रकारांनीं ढगांवर बसलेले पुण्यवंत रंगविले. तेंच चित्र पुढें पुष्कळ मिशनऱ्यांच्या बरोबर आपल्याकडे आलें.

आतां मूळ ग्रंथांत काय आहे तें पाहूं. मत्तय जेथें ‘स्वर्गाचें राज्य’ लिहितो, तेथेंच मार्क व लूक ‘देवाचें राज्य’ लिहितात. पुष्कळ अभ्यासकांच्या मतें मत्तयाचे वाचक यहुदी होते आणि देवाचें नांव उठल्यासुटल्या तोंडीं घेणें त्यांना मर्यादेचें वाटत नसे. म्हणून देवाऐवजीं स्वर्ग. आपल्याकडे जुन्या स्त्रिया यजमानांचें नांव न घेतां ‘घरांतून निरोप आला’ म्हणत, तशांतलाच हा प्रकार.

याची फोड मला माझ्या आजोबांच्या आयुष्यावरून सांपडली. जालना १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या मुलखांत होतें. आजोबा म्हणत, ‘आम्ही हैदराबादच्या राज्यांत जन्मलों.’ वास्तविक त्यांनीं हैदराबाद शहर जन्मांत पाहिलें नव्हतें. हैदराबादच्या राज्यांत राहण्यासाठीं हैदराबादेस जावें लागत नव्हतें. तेथला हुकूम जालन्यांत चालत होता, एवढें पुरे होतें. स्वर्गाचें राज्यही असेंच. कोणाचा हुकूम चालतो, हा त्यांतला प्रश्न आहे. गांव कोठें आहे, हा नव्हे. येशूनें शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेंतही ‘आम्हांला वर ने’ अशी मागणी कोठेंच नाहीं. देवाचें राज्य यावें आणि त्याची इच्छा तेथें चालते तशी पृथ्वीवर चालावी, एवढेंच मागणें आहे. मागणाऱ्याचें तोंड वर असलें तरी मागणें खालचेंच आहे.

संत पौल फिलिप्पै येथील मंडळीला लिहितो कीं आपलें नागरिकत्व स्वर्गांतील आहे. हें वाक्य वर जाण्याच्या समर्थनार्थ पुष्कळदां पुढें केलें जातें. परंतु फिलिप्पै ही रोमची वसाहत होती. निवृत्त शिपायांना तेथें जमिनी देऊन बसविलें होतें. त्यांनीं म्हातारपणीं रोमला परतावें असा हेतू नव्हता. रोमचा अंमल व रोमची रीत त्यांनीं तेथेंच चालवावी, असा होता. आमच्या जालन्यास हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तिच्यावरून कल्पना करावी. शिवाय पौल पुढें लगेच लिहितो कीं आपण स्वर्गांतून येणाऱ्या तारणाऱ्याची वाट पाहत आहों. म्हणजे येथेंही येणें आहे, जाणें नाहीं.

आणि बायबलचें शेवटचें पुस्तक, प्रकटीकरण! सोन्याचा रस्ता, मोत्यांच्या बारा वेशी, हीं सगळीं वर्णनें तेथलींच. पण तें नगर खालीं उतरतें, ही गोष्ट वाचणाऱ्याच्या नजरेंतून हटकून निसटते. माणसें वर चढून नगरांत जात नाहींत. नगर नव्या पृथ्वीवर येतें आणि देव माणसांत वस्तीला राहतो. त्याच्या वेशी कधीं बंद होत नाहींत. त्यांत मंदिर नाहीं. मधून पाण्याची नदी वाहते आणि तिच्या कांठच्या झाडाचीं पानें राष्ट्रांच्या औषधासाठीं असतात. डरहॅमचे माजी बिशप व बायबलचे अभ्यासक एन. टी. राइट यांनीं या शतकांत हाच मुद्दा पुन्हां आग्रहानें मांडला आहे. ख्रिस्ती आशेचा शेवट आत्म्याच्या उड्डाणांत नसून मृतांच्या पुनरुत्थानांत व नव्या सृष्टींत आहे, असें ते सांगतात. हें नवें मत नव्हे. चौथ्या शतकांतील निकीयाच्या मतांगीकारांतही मृतांच्या पुनरुत्थानाची व येणाऱ्या युगांतील जीवनाचीच वाट पाहिलेली आहे.

हा निव्वळ पंडितांचा वाद आहे काय? मला तसें वाटत नाहीं. १९७२ चा दुष्काळ मीं लहानपणीं पाहिला आहे. सुकडी खाल्ली आहे. पुढें एका अंत्यविधीच्या प्रसंगीं एका पाहुण्या उपदेशकाच्या तोंडून मीं ऐकलें, कीं येथें तहान सोसा, वर सोन्याचीं घरें मिळतील. ऐकणारे गरीब होते. त्यांनीं मान डोलावली. मला तेव्हां बेथेल आठवलें. शेषाद्रींनींही मेल्यानंतरच्या जीवनाचा उपदेश केलाच असेल, पण भूमिहीनांसाठीं ते दिवाणाकडे जमीन मागावयास गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं काढलेला ‘देवाचा दरबारही’ याच जातीचा. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही जागा होती, आणि तो भरावयाचा होता इथल्या मातींत.

तथापि एक अडचण राहते, आणि ती माझ्या मित्रानेंच मला दाखविली. त्यांची आई तेव्हां नव्वदीच्या घरांत होती. तिची एक मुलगी दुष्काळाच्या वर्षीं तापानें गेली होती. मित्र म्हणाले, ‘‘मास्तर, आपण ओट्यावर बसून स्वर्ग वर नाहीं म्हणतों; आंत म्हातारी ऐकते. तिची लेक मग कोठें आहे, तें तिला कोण सांगणार?’’

मी गप्प बसलों. खरें तर नव्या करारांत या प्रश्नाला फार थोडें उत्तर आहे, पण मुळींच नाहीं असें नाहीं. वधस्तंभावर शेजारीं खिळलेल्या चोराला येशू म्हणतो कीं आजच तूं माझ्याबरोबर सुखलोकांत असशील. मूळ ग्रीक शब्द ‘पारादेइसोस’, जुन्या इराणी भाषेंतून आलेला. भिंत घातलेली बाग, असा त्याचा अर्थ. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचा ‘फिरदौस’ही त्याच मुळाचा. पौलही म्हणतो कीं येथून सुटून ख्रिस्ताजवळ असणें मला अधिक बरें वाटतें. दोन्ही ठिकाणीं भर ‘कोठें’ यावर नाहीं, ‘कोणाजवळ’ यावर आहे. नगर उतरेपर्यंतचा हा मुक्काम, शेवट नव्हे. यावरून मला मराठी ख्रिस्ती लोकांचा एक शब्द आठवला. आपण स्वर्गवासी म्हणतों तेथें ते ‘ख्रिस्तवासी’ म्हणतात. पंडितांनीं ग्रंथ लिहून जें सांगितलें, तें या लोकांनीं एका शब्दांत केव्हांच बसविलें होतें.

त्या रात्रीं मित्रानें आईला प्रकटीकरणाचे शेवटचे दोन अध्याय वाचून दाखविले. मी दाराशीं बसलों होतों. सोन्याचा रस्ता आला, मोत्यांच्या वेशी आल्या. म्हातारी कांहीं बोलली नाहीं. नदी आली तेव्हां तिनें हात वर करून त्यांना थांबविलें.

‘‘पाणी हाय का तिथं?’’

‘‘आहे, आई. गांवाच्या मधून वाहतें.’’

‘‘मग माझ्या लेकीला लांबून आणाया नको.’’ थोड्या वेळानें ती पुन्हां म्हणाली, ‘‘आन् मास्तर, मघा तू म्हणत हुतास, तसं हाय का? आपुन तिकडं जायचं न्हाई, त्येच इकडं येनार?’’

मी ‘हो’ म्हणालों. ग्रंथांत तसें लिहिलें आहे, असें सांगितलें.

‘‘मग आंगन झाडून ठिवाया पायजे,’’ ती म्हणाली, आणि कुशीवर वळून झोंपली.